पटावरची मुले : आपली आणि बांगलादेशातील

यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातील एका हायस्कुलात मी सव्वीस वर्षे लिपिक होतो. पटसंख्येचे तक्ते भरण्यात इतका काळ गेला की निवृत्तीनंतरही शिक्षणाची आकडेवारी दिसली, की माझी नजर आकड्यांच्या आधी रकान्याच्या मथळ्याकडे जाते. अलीकडे ‘सामान्य माध्यमिक शिक्षणातील विद्यार्थी’ अशा मथळ्याखाली भारत आणि बांगलादेश शेजारी शेजारी मांडलेले पाहिले. भारताचा आकडा अर्थातच कितीतरी मोठा होता. पण आपली लोकसंख्याच त्यांच्या सुमारे आठपट असल्यामुळे त्या मोठेपणातून काहीही कळत नाही.

मथळ्यातील दोन शब्द मात्र तपासून घ्यावे लागतात. आपल्याकडे माध्यमिक म्हणजे नववी-दहावी, तर युनेस्कोच्या हिशेबात सहावी ते बारावी. म्हणजे आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतील सहावी-सातवीची पोरे, जी आम्ही आजवर प्राथमिकच समजत आलो, तिथे माध्यमिक ठरतात. बांगलादेशाचा टप्पाही याच सात इयत्तांचा आहे, त्यामुळे वर्षांच्या बाबतीत तुलना रास्त आहे. ‘सामान्य’ याचा अर्थ व्यवसाय शिक्षण वगळून. दहावीनंतर माझ्याकडून दाखला घेऊन आयटीआयला गेलेला मुलगा या रकान्यातून गळतो, आणि कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेलाही गळतो. रकान्याला दोघे सारखेच.

म्हणून मी एकूण संख्या बाजूला ठेवून मुली आणि मुले यांचे प्रमाण पाहिले, आणि तिथे बांगलादेशाने मला थांबवले. त्या देशात माध्यमिक वर्गांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. तेथील बहुतेक माध्यमिक शाळा आपल्या अनुदानित शाळांसारख्याच आहेत, म्हणजे संस्था खासगी आणि शिक्षकांच्या पगाराचा भार सरकारवर. तेव्हा हा फरक शाळेच्या मालकीतून आलेला नाही. चांदपूर जिल्ह्यातील शाहरास्ती भागात १९८२ मध्ये मुलींसाठी विद्यावेतनाचा प्रयोग सुरू झाला आणि १९९४ पासून तो ग्रामीण भागात देशभर लागू झाला. फी माफ झालीच, शिवाय रक्कम मुलीच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. अटी तीन होत्या : ७५ टक्के हजेरी, परीक्षेत किमान ४५ टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न करायचे नाही. बापाच्या हातात पैसे न देता मुलीच्या खात्यात देण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने खेड्यातले घर आतून पाहिलेले असावे.

महाराष्ट्रात आपण पैशापेक्षा शाळेच्या अंतराकडे अधिक पाहिले. अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आणि आठवीपासून पुढच्या मुलींना सायकल, या तीन गोष्टींनी आमच्या हायस्कुलाचा पट किती बदलला हे मी दाखलखारीज रजिस्टरावर पाहिले आहे. सातवीनंतर ‘शेतीकाम’ किंवा ‘घरकाम’ असा शेरा लिहून दाखला नेणाऱ्या मुलींची रांग हळूहळू ओसरली. बस एका पावसाळ्यात नाल्यामुळे बंद पडली, की त्याच मुली आठवडाभर गैरहजर, हेही तितकेच खरे.

तरीही बांगलादेशाचे कौतुक करताना मी जरा आखडता हात घेतो. तिथे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले आढळते, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतासाठी हेच प्रमाण २३.३ टक्के आहे. लग्न न करण्याची अट दहावीपर्यंतच होती. अकरावी-बारावीत काय होते ते पटावरून दिसत नाही.

मला त्यांच्या तीन अटींपैकी हजेरीची अट सर्वांत मोलाची वाटते, आणि याचे कारण आमच्या तक्त्यातच आहे. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी आकडेवारीची, माहिती ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाची भरायची असे. त्या दिवशी शेतात बोंडे अजून पुरती फुटलेली नसतात आणि वर्ग भरलेला असतो. कापूस वेचणीला जोर येतो तो दिवाळीच्या सुमारास.