धक्का दुसऱ्या खेपेला लागतो का? वाचननोंदी, जून ते नोव्हेंबर

बेत साधा आहे. ज्या पुस्तकांना ‘खटला झाला’, ‘प्रकाशकाने ऐनवेळी हात वर केले’, ‘अर्ध्यात ठेवून दिलं’ अशी ख्याती चिकटली आहे, त्यातली काही घ्यायची, एकदा सलग वाचायची, मधे थोडा काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा वाचायची. समासात पेन्सिलीच्या दोनच खुणा. पोटात ढवळलं तिथे फुली, कंटाळा आला तिथे शून्य. दुसऱ्या वाचनाला निळी पेन्सिल, म्हणजे जुन्या खुणा आणि नव्या खुणा शेजारी शेजारी दिसतात.

या प्रकाराला इंग्रजीत ट्रान्सग्रेसिव्ह फिक्शन म्हणतात, म्हणजे मर्यादा मुद्दाम ओलांडणारं कथासाहित्य. मायकेल सिल्व्हरब्लॅट यांनी १९९३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधल्या लेखात हे नाव वापरलं आणि ते रुळलं. माल अर्थात त्याहून पुष्कळ जुना.

जून

मूळपुरुषापासून सुरुवात केली. अठराव्या शतकातला फ्रेंच उमराव मार्की द साद, त्याचं ‘सोडोमचे १२० दिवस’. १७८५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बॅस्टिलच्या तुरुंगात, कागदाचे चिटोरे जोडून केलेल्या बारा मीटर लांबीच्या गुंडाळीवर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात त्याने हे ३७ दिवसांत उतरवून काढलं. योजना अशी की चार भाग, दर भागात दीडशे विकृती, एकूण सहाशे. पूर्ण झाला फक्त पहिला भाग. उरलेले तीन भाग म्हणजे क्रमांक टाकलेली टिपणं.

माझ्या फुल्या सुरुवातीच्या पानांतच संपल्या. पुढे शून्यं, आणि शेवटी शेवटी तीही काढायचा आळस. प्रत्येक क्रमांकाला आधीच्यापेक्षा वरचढ व्हायचं असतं, त्यामुळे वाचकाला पुढचा धक्का कुठून येणार ते माहीतच असतं. वरून येणार. एवढं कळलं की माणूस हिशेबाची वही चाळावी तसा चाळू लागतो.

मान वर केली ती एकाच ठिकाणी. पहिल्या भागाच्या अखेरीला सादने स्वतःसाठी टिपण ठेवलं आहे, आपल्या हातून काय काय चुकलं त्याचं. अमुक गोष्ट फार लवकर सांगून टाकली, तमुक सावरायला हवं, अशा धर्तीचं. कोठडीत बसलेला एक कारागीर तिथे एकदम दिसतो. बाकी पुस्तकात माणूस नाही. ही गुंडाळी फ्रेंच सरकारने २०२१ मध्ये ४५ लाख ५० हजार युरोंना राष्ट्रीय ठेवा म्हणून घेतली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वस्तू म्हणून ती थोरच आहे. दुसरं वाचन मात्र मी केलं नाही. नियम मोडला, मोडू दे.

जुलै

मधेच एक छोटी वाट वाकडी केली. ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. लेखक चंद्रकांत काकोडकर. अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात दंड, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटका. कथा हाताला लागली नाही, निकालपत्र लागलं. न्यायमूर्तींनी कथानक त्यात सविस्तर सांगितलं आहे: कवी निशिकांत, त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा.

सारांशावरून कथेवर शेरा मारणं बरं नव्हे, म्हणून मारत नाही. पण ज्या मजकुरावर तीन कोर्टांनी वेळ घालवला, तो आज मोबाइलवर रात्री मालिका बघणाऱ्या कुणालाही सोवळा वाटेल. त्याच कलमाखाली १९६४ मध्ये मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याला ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल झालेली शिक्षा कायम झाली होती. नुसत्या शरीराचा धक्का पिढीभरात विटतो, हे मला निकालपत्रं वाचताना पटलं, पुस्तकं वाचताना नाही. हा प्रकार ज्यांना आवडत असेल त्यांनी निकालपत्रं जरूर वाचावीत. काही भलतीच रंगतदार आहेत.

ऑगस्ट

‘अमेरिकन सायको’. ब्रेट ईस्टन एलिस. सायमन अँड शुस्टरने १९९० मध्ये ऐनवेळी पुस्तक सोडलं, आणि १९९१ मध्ये व्हिंटेजने काढलं. ऑस्ट्रेलियात ते प्लॅस्टिकच्या वेष्टनात, अठरा वर्षांखालच्यांना बंदी असलेल्या शिक्क्यासह विकलं जातं.

याच्याबद्दल सगळे बोलतात ते कत्तलींबद्दल. मी पहिल्या वाचनात खुणा करत गेलो तर लक्षात आलं, पहिला उघड हिंसेचा प्रसंग यायच्या आधी शंभराहून जास्त पानं जातात. तोवर काय? सूट, टाय, बूट, कुठल्या हॉटेलात टेबल मिळालं, कुणाचं व्हिजिटिंग कार्ड कुणापेक्षा गुळगुळीत. माझी शून्यं इथेच पडली होती, ओळीने.

दुसऱ्या वाचनात उलटं झालं. कत्तलींची पानं मी भराभरा उलटली. काय होणार ते माहीत, आणि एलिस तिथे सादच्याच खोड्यात अडकतो, प्रत्येक वेळी एक पायरी वर. फुल्यांवर निळी पेन्सिल फिरली नाही. पण शून्यांच्या जागा हादरवून गेल्या. निवेदक पॅट्रिक बेटमन, वॉल स्ट्रीटवरचा श्रीमंत तरुण, कपड्यांचं वर्णन ज्या आवाजात करतो, त्याच आवाजात, तोच श्वास ठेवून, खुनाचं करतो. मधेच एक अख्खं प्रकरण व्हिटनी ह्यूस्टनच्या गाण्यांवर, एक जेनेसिस या बँडवर, रसिकाने मनापासून लिहावं तसं. तो लोकांना चक्क सांगतो की मी माणसं मारतो, आणि समोरच्याला भलतंच काहीतरी ऐकू येतं. शेवटाकडे, जिथे प्रेतं असायला हवीत त्या फ्लॅटमध्ये तो जातो, तर तिथे घर दाखवणारी दलालीणबाई. फ्लॅट चकचकीत. ती त्याला शांतपणे सांगते की निघा आणि परत येऊ नका. तिला ठाऊक आहे की नाही, पुस्तक सांगत नाही. बहुधा ठाऊक आहे, आणि फ्लॅट विकला जायला हवा.

पुस्तकातलं सगळ्यात घाण पान माझ्या मते हे आहे, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. तरीही पुस्तक शंभर पानांनी लांब आहे आणि स्त्रियांवरच्या अत्याचारांची काही पानं मला आजही फुकटची वाटतात. त्यांच्यामुळे बेटमनबद्दल नवं काही कळत नाही. ‘तो कंटाळवाणेपणा मुद्दामच आहे’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे. मुद्दाम केलेला कंटाळाही कंटाळाच असतो.

सप्टेंबर

उर्दू कथाकार मंटो. दोनच कथा, देवनागरीत.

‘ठंडा गोश्त’वर लाहोरात खटला झाला. साक्षीदारांत कवी फैज अहमद फैज होते. त्यांनी सांगितलं की कथा अश्लील नाही, पण थोर साहित्याच्या कसोटीला उतरत नाही. मंटोला हे झोंबलं असणार, पण माझा कल फैजकडे आहे. ईशरसिंग मरता मरता कबुली देतो, आणि सगळी कथा त्या कबुलीसाठी ताणून धरलेली आहे. एकदा गाठ सुटली की दुसऱ्या वाचनात ताण उरत नाही. त्याची प्रेयसी कुलवंत कौर तेवढी उरते, ती फार जिवंत आहे.

‘खोल दो’ची गोष्ट निराळी. कथा १९४८ ची. छापणाऱ्या ‘नुकूश’ मासिकावर बंदी आली. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी इथून खालचे दोन परिच्छेद सोडावेत आणि आधी कथा वाचावी. पाचसहा पानांची आहे.)

फाळणीत हरवलेल्या सकीनाला तिचा बाप सिराजुद्दीन शोधतो आहे. आठ तरुण स्वयंसेवक, त्यांच्याकडे लॉरी, बंदुका. तो त्यांना मुलीचं वर्णन सांगतो, उजव्या गालावर तीळ. ती त्यांना सापडते. अंगावर ओढणी नाही म्हणून संकोचते, तर एक जण आपला कोट काढून देतो. शेवटी दवाखान्यात डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो, आणि त्या शब्दांना बेशुद्ध सकीनाचे हात जे करतात, त्याने कथा संपते. पहिल्या वाचनात फुली तिथेच, सगळ्यांची तिथेच असते.

निळी फुली माझ्या हातून कोटापाशी पडली. आता माहीत असतं ना की कोट देणारा तिच्यावर अत्याचार करणाऱ्यांतलाच एक आहे. मंटो त्या वाक्यात आवाज किंचितही बदलत नाही. भली पोरं भलं काम करत आहेत, इतकंच. नंतर बाप त्यांना पुन्हा विचारतो तेव्हा ते ‘सापडेल, सापडेल’ म्हणतात, तीही ओळ आता गार करते. आणि शेवटी बाप आनंदाने ओरडतो, मुलगी जिवंत आहे म्हणून! घाम फुटतो तो फक्त डॉक्टरला. म्हणजे कथेत ज्याला धक्का बसला असा माणूस एकच, आणि त्याच्या वाट्याला एकच वाक्य.

इथे मला माझी कसोटी सापडली, निदान तात्पुरती. लेखनाला स्वतःच्याच धाडसाची घेरी येते आहे का? येत असेल तर दुसऱ्या वाचनात काही हाती लागत नाही. पात्रांना सगळं रोजचंच वाटत असेल, तर धक्का जागा बदलतो आणि अशा ठिकाणी जाऊन बसतो जिथे पहिल्यांदा आपण सरळ पुढे गेलो होतो.

ऑक्टोबर

कसोटी घेऊन घरी आलो. भाऊ पाध्ये, ‘वासूनाका’, १९६५. आचार्य अत्र्यांनी पुस्तकावर अश्लील म्हणून तोफ डागली होती, हे आपल्यापैकी बहुतेकांना पुस्तक वाचण्याआधीच ठाऊक असतं. त्याचा तोटा असा की आपण शिव्या मोजायला बसतो. शिव्या आता कुणालाच लागत नाहीत. लोकलच्या दुसऱ्या वर्गात याहून तिखट रोज कानावर पडतात.

पण पोक्याचा आवाज! तो नाक्यावरच्या टोळीतलाच एक आहे, बाहेर उभा राहून सांगत नाही. पोरींच्या मागे लागणं, कुणाची फजिती, कुणाची वाट लागणं, सगळं टाइमपासच्या एकाच पट्टीत. हसवतो, आणि आपण हसतोच. पहिल्या वाचनात मी खूप हसलो. दुसऱ्यांदा हसू आलं तेव्हा कुणावर हसतोय ते बघावं लागलं, आणि बहुतेक वेळा ती एखादी मुलगी होती, जिला पळायला जागा नव्हती. पाध्ये कुठेही कोपरखळी मारून ‘बघा हं, वाईट आहे’ असं म्हणत नाहीत. ती जबाबदारी त्यांनी आपल्यावर टाकली आहे, आणि मला वाटतं अत्रे चिडले ते याच्यावर. शिव्या निमित्त असाव्यात. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की मधली काही प्रकरणं एकासारखी एक वाटतात. नाक्यावर वेळ जातो तसा वाचकाचाही जातो.

मग तेंडुलकर. नाटक कादंबरीच्या मापाने मोजू नये हे मान्य, पण वगळवेना. ‘गिधाडे’चा प्रयोग १९७० मध्ये श्रीराम लागूंनी केला. गर्भपात झालेल्या माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल समजावा. सेन्सॉरला याहून चोख उत्तर मी ऐकलेलं नाही. लाल डाग एक क्षण दिसला असता. सूचना ऐकलेला प्रेक्षक पडदा उघडल्यापासून त्याची वाट बघत बसणार.

वाचताना मात्र ‘गिधाडे’ मला कर्कश वाटतं. पैशासाठी बापाला छळणारी भावंडं पहिल्या प्रवेशापासून वरच्या सुरात आहेत, आणि चढायला जागा उरत नाही. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) वाचा म्हणजे फरक कळेल. त्यातली सखारामची मारहाण, दारू, तोंडाळपणा यांना पहिल्या खेपेला माझ्या फुल्या आहेत. दुसऱ्या खेपेला सगळ्या सरकून लक्ष्मीकडे गेल्या. हीच ती मुंगळ्याशी गप्पा मारणारी, देवभोळी, मार खाणारी बाई. घरात आणलेल्या दुसऱ्या बाईचा, चंपाचा, खून केल्यावर सखाराम थिजतो, आणि लक्ष्मी कामाला लागते. प्रेत पुरायचं कसं ते तिला सुचतं. चंपा पापी होती, मी पुण्यवान आहे, देव पाठीशी आहे, अशी ती त्याची समजूत घालते. मुंगळ्याशी बोलण्याचाच मऊ सूर. सेन्सॉरने कापाकाप सुचवली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले, हा इतिहास त्यांच्या ‘बाइंडरचे दिवस’मध्ये आहे. माझी शंका अशी की कात्री चालवणाऱ्यांना सखारामच दिसत होता.

नोव्हेंबर

चक पालानियुकची ‘गट्स’ ही कथा. ही वाचून दाखवताना श्रोते बेशुद्ध पडतात असं लेखक स्वतः सांगतो. सुरुवातीलाच तो वाचकाला श्वास रोखून धरायला सांगतो, गोष्ट संपेपर्यंत. एकदाच वाचा, शक्यतो मोठ्याने, जेवणाआधी. पहिल्या वाचनात पोट आवळलं, दुसऱ्यात हसू आलं आणि त्याची कारागिरी दिसली. जत्रेतल्या मौत का कुआँइतकंच तिचं वचन आहे आणि ते ती पाळते. माझ्या कसोटीत ती नापास होते, पण मला आवडली. कसोटीतच दुरुस्ती करावी लागेल असं दिसतं.

सध्या हातात जे. जी. बॅलार्डचं ‘क्रॅश’ (१९७३) आहे. मोटारींच्या अपघातांतून कामवासना जागी होणारी माणसं, आणि निवेदकाचं नाव लेखकाने स्वतःचंच ठेवलेलं. प्रकाशकाच्या वाचकाने हस्तलिखितावर शेरा दिला होता की हा लेखक मानसोपचारांच्या पलीकडे गेला आहे. निम्म्यावर आलो आहे. शून्यं भरपूर, फुल्या जवळजवळ नाहीत, भाषा मोटारीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेसारखी कोरडी. ऑगस्टचा अनुभव बघता हे लक्षण चांगलं असावं, पण पहिलं वाचन संपेपर्यंत बोलत नाही. त्यानंतर चंद्रकांत खोतांचं ‘उभयान्वयी अव्यय’. प्रत मिळाली आहे, पानं सुटी झाली आहेत, आधी बाइंडिंग करून घ्यावं लागेल.