लोलांचा डिसेंबर

सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला लागून असलेल्या डेली सिटीत जवळपास एक तृतीयांश वस्ती फिलिपिनो लोकांची आहे, आणि डिसेंबर लागला की तिथल्या खिडक्यांत पारोल, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील, झळकू लागतात. आमच्या शेजारच्या आजींकडे मात्र कंदिलांची तयारी सप्टेंबरातच सुरू होत असे, कारण त्यांच्या गावकऱ्यांच्या मंडळाचे नाताळाआधीचे स्नेहसंमेलन त्यांच्याच गॅरेजमध्ये आकाराला येई. नातवंडे त्यांना लोला म्हणत, म्हणून आम्हीही लोलाच म्हणू लागलो.

लोला पाम्पांगा प्रांतातल्या बाकोलोरच्या. त्यांच्या गावाला लागूनच असलेले सान फर्नांदो हे शहर प्रचंड आकाराच्या, हजारो दिव्यांच्या कंदिलांसाठी साऱ्या फिलिपिन्समध्ये प्रसिद्ध आहे, त्यामुळे विकतचा कंदील संमेलनात लावणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. बांबूच्या कामट्या सोलायच्या, दोन चांदण्या बांधून मधोमध आडव्या काड्या देऊन त्यांना फुगवटा आणायचा, वर पातळ रंगीत कागद चिकटवायचा आणि खालच्या टोकांना झिरमिळ्या लावायच्या, हे सारे मला डोंबिवलीच्या चाळीत आम्ही करत असू त्या आकाशकंदिलासारखेच वाटले आणि पहिल्याच वर्षी मी त्यांच्या मदतीला बसले. लोलांनी माझी गाठ तपासली, ती सोडली आणि पुन्हा बांधायला लावली.

त्या सत्तरच्या दशकात परिचारिका म्हणून अमेरिकेत आल्या. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आशियातून येणाऱ्यांना वाट मोकळी झाली, त्या वाटेने आलेल्या असंख्य फिलिपिनो परिचारिकांपैकी त्या एक. रात्रपाळ्या करून त्यांनी आधी आई-वडिलांना आणले आणि मग एकेका भावंडासाठी अर्ज केले. फिलिपिन्समधल्या भावंडांच्या अर्जांना वीस वर्षांहूनही अधिक काळ लागतो. त्यांचा धाकटा भाऊ आला तेव्हा त्याचे केस पिकलेले होते. त्या वर्षीच्या संमेलनात लोलांनी त्याला पाहुण्यासारखे बसू दिले नाही, खुर्च्या मांडायला लावले. आपण इथले आहोत हे माणसाला कामातूनच कळते, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि मला ती आजही पटते. स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर कामांची यादी लावलेली असे. तिच्यात डॉक्टर झालेल्या नातवाचे नाव भांडी घासण्यापुढे असे आणि कालच विमानातून उतरलेल्या भाचीचे लम्पिया, म्हणजे सारण भरलेल्या तळलेल्या गुंडाळ्या, वळण्यापुढे. नव्याने आलेल्यांसाठी गॅरेजच्या एका कपाटात जाड कोट टांगलेले असत, कारण डेली सिटीचे धुके उन्हाळ्यातही अंगात शिरते.

फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेची सिंबांग गाबी ही प्रार्थना होते. शेतावर जाण्यापूर्वी लोकांना चर्चमध्ये येता यावे म्हणून ती इतक्या लवकर ठेवलेली. अमेरिकेत नोकरीच्या वेळा पाहून पुष्कळ ठिकाणी ती संध्याकाळी करतात. संमेलनाचा दिवस या नऊ दिवसांतलाच एक असे. प्रार्थनेनंतर सभागृहात जेवण मांडले जाई: लिंबू पिळलेले पांसित (नूडल्स), तोसिनो हे गोडसर मुरवलेले डुकराचे मांस आणि केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची बिबिंका, जिच्यावर खारवलेले अंडे आणि ओले खोबरे असे. मुले एकामागून एक येऊन लोलांचा हात आपल्या कपाळाला लावत. अमेरिकेत जन्मलेल्या, कानांत इयरफोन अडकवलेल्या मुलांनाही त्यातून सूट नव्हती.

१९९१ च्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या पावसाळ्यांत राखचिखलाचे लोंढे येत राहिले. १९९५ साली बाकोलोर त्याखाली गाडले गेले आणि तिथले सान गिएर्मो चर्च जवळजवळ अर्ध्या उंचीपर्यंत बुजले. गावकऱ्यांनी चिखलातून वेदी उकरून काढली, वर उचलली आणि त्याच चर्चमध्ये प्रार्थना चालू ठेवली. मंडळाने त्या काळात पैसे आणि कपड्यांची खोकी पाठवली, असे लोला सांगत. त्या चर्चचे छायाचित्र संमेलनाच्या मंचावर दरवर्षी लावले जाई आणि मुलांना त्याची हकिगत त्या स्वतः सांगत. आवाज चढवत नसत, पण मागच्या रांगेपर्यंत शांतता पसरे.

गेल्या मार्चमध्ये लोला गेल्या. नऊ रात्री घरी जपमाळेची प्रार्थना झाली आणि मंडळातल्या कुटुंबांनी पाळीपाळीने जेवण आणले. वर्ष सरण्याआधी संमेलन करावे का, हा प्रश्न थोरल्या मुलीपुढे आला तेव्हा ती म्हणाली, “आईने यादी कधीच रद्द केली नाही.” डिसेंबरात चर्चची हकिगत लोलांच्या त्याच धाकट्या भावाने सांगितली. यंदाची यादी नातीने केली आहे. कामट्या बांधण्यापुढे माझे नाव कायम आहे, आणि माझ्या मुलीला कागद चिकटवायला दिले आहे.