बुलेटवरचा अमेरिकन रेडिओ

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं मोटरसायकलींच्या वायरिंगचं दुकान आहे. मागच्या मे महिन्यात पूर्व भागातले एक कारखानदार बुलेट घेऊन आले. चादरीच्या मागांवर आयुष्य काढलेला माणूस, पासष्टी ओलांडलेली, तरी दर गुरुवारी पहाटे बुलेटवरून अक्कलकोटला जाणार म्हणजे जाणार. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अमेरिकेतल्या डॅलसहून सुट्टीला आलेल्या लेकानं स्वतःच्या मोटरसायकलवरचा सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे थेट उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ, त्यांच्यासाठी काढून आणला होता. छोटा रिसीव्हर, चुंबकाची चपटी अँटेना आणि हँडलला आवळायचा गोळीच्या सांध्याचा क्लँप.

"लेकाच्या मागं बसून ऐकलोय मी," अण्णा म्हणाले. "शंभर मैल गेलो तरी स्टेशन सुटत नाही, खरखर नाही. तसंच बसव."

असं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून जीव ओतून केलं. रिसीव्हरला 5 व्होल्ट लागतात आणि गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर घातला. लाइन चावीवरून घेतली, म्हणजे गाडी बंद केली की रेडिओही बंद. बॅटरीजवळ वेगळा फ्यूज दिला. खरी डोकेदुखी अँटेनाची होती. तिला वरचं आकाश मोकळं हवं आणि खाली सपाट लोखंड हवं. टाकीवर ठेवावी तर अण्णांचंच अंग आडवं येतं. शेवटी मागच्या कॅरिअरवर लोखंडी पट्टी ठोकून तिथं बसवली. तिची वायर कापायची नसते, जास्तीची गुंडाळून सीटखाली बांधायची. प्लगच्या वायरपासून ती लांबून नेली.

चावी फिरवली. स्क्रीन उजळली आणि सिग्नल नाही असं दाखवू लागली.

दुकानाच्या पत्र्यामुळे असेल म्हणून गाडी बाहेर काढली. भर उन्हात तासभर मल्टिमीटर घेऊन बसलो. व्होल्टेज बरोबर, अर्थिंग बरोबर. मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक उपग्रहाची आणि एक जमिनीवरच्या टॉवरची. दोन्ही कोऱ्या. तेव्हा माझे वस्ताद आठवले. त्यांच्याकडे वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओ सेवेचा सेट होता. गच्चीवर अँटेना आग्नेयेकडे, थोडी पूर्वेला झुकवून ठेवायचे. तो एशियास्टार उपग्रह 105 अंश पूर्व रेखांशावर होता. भारतातली ती सेवा 31 डिसेंबर 2009 ला बंद झाली, पण दिशा माझ्या डोक्यात पक्की होती. अँटेना हातात धरून तिकडे फिरवली. काही नाही.

मग खोक्यावरचं नाव फोनवर शोधलं आणि हात थांबले. हा रेडिओ सिरियस एक्सएम या अमेरिकन कंपनीचा. त्याचे उपग्रह 85 आणि 115 अंश पश्चिम रेखांशांच्या आसपास, अमेरिकेसाठी टांगलेले. सोलापूर 76 अंश पूर्वेला. म्हणजे आपल्या आणि उपग्रहाच्या मध्ये अख्खी पृथ्वी. वायरिंग कितीही सुबक केलं तरी तो आवाज इथं पोहोचणारच नव्हता. हे मी क्लँप आवळण्याआधी बघायला हवं होतं.

अण्णांना सांगताना जड गेलं. ते म्हणाले, "घरच्या छत्रीवर आकाशवाणी लागते की. ती पण उपग्रहावरूनच येते ना?"

"येते अण्णा. तो उपग्रह आपल्या बाजूला आहे. पण ती छत्री गच्चीवर एका जागी, एका दिशेला पक्की असते. गाडी प्रत्येक वळणावर तोंड फिरवते."

ते बराच वेळ वर बघत उभे राहिले. "मग ह्याचा उपग्रह आत्ता कुणाच्या डोक्यावर?"

"लेक राहतो त्या बाजूला."

मजुरी घेण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांना रिकामं पाठवणं मला पटेना. लेकानं दिलेला क्लँप तसाच ठेवला, त्यात पाण्यानं न बिघडणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर धरला आणि त्याच 5 व्होल्टवर चार्जिंग दिलं. फोन हँडलवर लावू दिला नाही, बुलेटच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. फोन खिशात आणि त्यावर आकाशवाणीचं ॲप. कानात इअरफोनला मात्र मी ठाम नाही म्हटलं. अक्कलकोट रोडवर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. आवाज किती ठेवायचा तेही त्यांच्यासमोर ठरवलं. अस्मिता वाहिनी लागली तेव्हा शेजारचा चहावाला दारात येऊन उभा राहिला.

रिसीव्हर आणि अँटेना अण्णांनी चादरीच्या तुकड्यात गुंडाळून नेली.

पुढच्या गुरुवारी दहाच्या सुमाराला परत आले, कपाळावर अंगारा. रेंज दोन ठिकाणी तुटली म्हणाले, आणि क्लँपचा बोल्ट ढिला झाला होता. मी नायलॉनचा नट आणि खाली रबरी वॉशर घालून दिला. तेवढ्या वेळात त्यांनी लेकाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र होती. "बघ, तुझाच क्लँप," म्हणत त्यांनी कॅमेरा हँडलकडे वळवला.