कमरेला मासे, पायाखाली पाकट

ओहोटीचं पाणी उतरल्यावर खाडीच्या मुखाशी वाळूचा जो पट्टा उघडा पडतो, त्यावर त्या सकाळी जागोजागी थाळीएवढे उथळ गोल खड्डे होते. मी ते पाहिले, ओलांडले आणि पुढे गेलो. पाकट (स्टिंगरे, शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा) वाळूत तोंड घालून शिंपल्या-खेकडे उकरतं, तेव्हा असे खड्डे पडतात, हे मला माहीत होतं. तरी मित्राला थांबवून सांगितलं नाही. ही चूक माझी, म्हणून वृत्तांताची सुरुवात तिच्यापासूनच करतो.

आम्ही दोघंच होतो. उजाडता उजाडता मासे पकडायला गुडघाभर पाण्यातून निघालो, मधला अरुंद चर कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडला आणि पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर पोहोचलो. किनारा साधारण तीनशे पावलं मागे राहिला. जाताना दोघेही नीट पाय घासत गेलो. पाऊल उचलायचं नाही, तळ न सोडता पुढे सरकवायचं. पाकट वाळूत अंग पुरून बसतं, वर फक्त डोळे आणि त्यांच्यामागची श्वासाची छिद्रं उघडी असतात. गढूळ पाण्यात ते दिसणं जवळजवळ अशक्य. पण पाय घासला की वाळूतली थरथर त्याला कळते आणि ते आपणहून निघून जातं. त्याला आपल्याशी काही देणंघेणं नसतं. अंगावर पाय पडला तरच ते शेपूट वर फिरवतं.

मासे चांगले लागत होते. लहान माशांचे थवे उंचवट्याच्या कडेने उसळत होते आणि लूर (गळाचं नकली आमिष) त्यांच्यातून ओढली की दर तिसऱ्या-चौथ्या फेकीला झटका बसायचा. मित्राने पाच मासे दोरीत ओवून ती दोरी कमरेच्या पट्ट्याला गाठ मारून बांधली होती. दोरी हातभरच लांब होती. म्हणजे रक्त गळणारे, तडफडणारे मासे त्याच्या मांडीला चिकटून होते. खरं तर बघायला हवं होतं ते हेच, पण मीही रीळ फिरवण्यात गुंग होतो.

तासाभराने थव्यांची उसळी एकदम थांबली. पाणी गप्प झालं. त्यानंतर मित्राची कमर एका बाजूला खेचली गेली आणि तो ओरडला. दोरीच्या टोकाचा मासा अर्धा गेला होता, आणि त्याच्यापासून चार हातांवर एक शार्क वळत होता. माझ्या अंदाजाने पाच फुटांचा असेल. जात सांगता येणार नाही, पाणी तेवढं स्वच्छ नव्हतं. एवढं मात्र माहीत आहे की बुल शार्क खाऱ्या पाण्यातून खाडीत आणि गोड्या पाण्याच्या नदीतही बराच आत येतो, त्यामुळे पाणी मचूळ आहे म्हणून शार्क नसेल, हा हिशेब चुकीचा आहे.

शार्क माणसासाठी आला नव्हता, माशांसाठी आला होता. पण मासे माणसाला बांधलेले होते. मित्र गाठ सोडायला लागला, ओली गाठ सुटेना. शार्क पुन्हा वळला. मी चाकू काढून मित्राकडे सरकलो, पण तोवर तो घाबरून मागे निघाला होता, भराभर, पाय उचलत, पाठमोरा. चौथ्या-पाचव्या पावलाला त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, शार्कने धरलं. पाण्याखालून एक गडद चकती वाळू उडवत निघून गेली, तेव्हा कळलं, पाकट.

दिसणाऱ्या धोक्यापासून पळताना न दिसणाऱ्यावर पाय पडला. शार्क त्यानंतर उरलेले मासे घेऊन गेला. मी दोरी कापली होती. आम्हा दोघांना त्याने शिवलंही नाही.

जखम घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, बोटभर लांबीची. रक्त बरंच येत होतं, मी गमछा दाबून धरला. वेदना मात्र जखमेच्या मानाने कितीतरी पट. पाकटाच्या शेपटीवरचा काटा दोन्ही कडांना करवतीसारखा दातेरी असतो, आत जाताना कापतो आणि बाहेर येताना मांस फाडतो. शिवाय त्यावरच्या पातळ आवरणात विष असतं. वेदना पहिल्या तास-दीड तासात वाढतच जाते. चर ओलांडायचा अजून बाकी होता आणि भरती सुरू झाली होती. त्याच्या खांद्याखाली हात घालून मी त्याला आणलं. माझे पाय पुढे, घासत, त्याचा जखमी पाय माझ्या मागे. तीनशे पावलांना आम्हाला वीस मिनिटं लागली.

आता उपचाराचं, कारण हा भाग पुढे जाणाऱ्यांनी पाठच करावा असं मला वाटतं. पाकटाचं विष प्रथिनाचं असतं आणि उष्णतेने निकामी होतं. म्हणून पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवायचा, सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, ३० ते ९० मिनिटं. पाणी आधी आपल्या हाताने किंवा जखमी माणसाच्याच चांगल्या पायाने तपासायचं. जखमी पायाला वेदनेपुढे चटका कळत नाही, आणि वरून भाजतं. आमच्याकडे एक लिटरचा थर्मास होता. तो दहा मिनिटांत कोमट झाला. गाडीत छोटी शेगडी होती म्हणून निभावलं, मी पाणी तापवत राहिलो आणि टबात थोडं थोडं मिसळत राहिलो. अर्ध्या तासाने त्याचा जबडा सैल झाला. थर्मास न्यायचाच, पण एकाने भागत नाही. पाणी तापवायची सोय किनाऱ्यावर हवी.

काटा मोडून आत राहिला असेल आणि जखम पायाची असेल, तर वर दिसणारा तुकडा हळू काढता येतो, खोल असेल तर डॉक्टरांवर सोपवावा. छाती, पोट किंवा गळ्यात घुसलेला काटा मात्र कधीही ओढायचा नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन यांचा मृत्यू पाकटाचा काटा छातीत शिरल्यामुळेच झाला. पायाच्या जखमेने माणूस सहसा दगावत नाही. पण दवाखाना टाळायचा नाही. मित्राच्या एक्स-रेत काट्याची बारीक चीप दिसली, ती काढावी लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं दिली. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात आणि त्यांच्यामुळे जखम एका दिवसात हाताबाहेर जाऊ शकते. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी, आणि ज्यांच्या पायाला आधीच उघडी जखम आहे त्यांनी, अशा पाण्यात उतरूच नये. लाली पसरली, फोड आले, ताप चढला तर सकाळची वाट बघायची नाही.

पायात काय घालावं, असं सगळे विचारतात. निओप्रीनचे (मऊ रबरी कापडाचे) बूट शिंपल्यांपासून वाचवतात, पाकटाच्या काट्यापासून नाही. घोटा आणि पिंढरी झाकणारी कडक कवचाची संरक्षणं मिळतात, ती मी आता वापरतो. तरी पाय घासणं सोडत नाही, कारण कवच फक्त तिथेच असतं जिथे ते असतं. हातात एक काठी असली तर पुढची वाळू टोचत जाता येतं. आणि मुख्य सवय परतीची. जाताना सगळेच जपून जातात. मासा खेळवताना, दमल्यावर, किंवा ‘आपण याच वाटेने आलो’ या भरवशावर पाऊल उचललं जातं. वाळू तासाभरापूर्वी रिकामी होती म्हणून आत्ताही रिकामी असेल असं नाही.

माशांची दोरी कमरेला बांधायची झाली तर किमान दहा-पंधरा फूट लांब, आणि एका झटक्यात सुटेल अशा फासाने. त्याहून तरंगती जाळीची टोपली बरी. शार्क मासा मागायला आला तर मासा द्यायचा, सगळी दोरी सोडून द्यायची. मग त्याच्याकडे तोंड ठेवून, पाय घासत, हळूहळू उथळ पाण्याकडे यायचं. लहान माशांचे थवे एकाएकी गायब झाले, तर ती आपल्यालाही सूचना आहे.

बाकीच्या धोकादायक जीवांबद्दल थोडक्यात. गळाला शिंगाळा (समुद्री कॅटफिश) लागला तर पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांजवळचा असे तीन काटे लक्षात ठेवा. त्यालाही विष असतं आणि त्यावरही गरम पाणीच. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. तो गळाला लागला तर हात न लावता दोर कापा. त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजू नका. जेलीफिशचे तंतू चिकटले तर वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा वावर असलेल्या खाडीत हे सगळे सल्ले निरुपयोगी आहेत. तिथे पाण्यात उतरायचंच नाही, मासेमारी काठापासूनही लांब उभं राहून करायची.

मित्राची जखम भरायला पाच आठवडे लागले. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा त्याच उंचवट्यावर गेलो. या वेळी उतरण्याआधी वाळूवरचे खड्डे दोघांनी मिळून मोजले. अकरा होते, बहुतेक चराच्या डाव्या काठाला. आम्ही उजवीकडून फिरून गेलो.