"ऑपरेटरला समज दिली" म्हणजे तपास झाला का?

कुठल्याही प्रेस शॉपमधली, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या शेडमधली, जुन्या इन्सिडेंट रिपोर्टची (अपघाताच्या अहवालांची) फाइल उघडा, कारणाच्या रकान्यात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपायाच्या रकान्यात "समज दिली" दिसणार म्हणजे दिसणारच. मग काही महिन्यांनी त्याच मशीनवर ऑपरेटर दुसरा आणि निष्काळजीपणा तोच. माणूस बदलून पण चूक तीच होतेय म्हटल्यावर ती त्या माणसाची कशी राहिली?

पॉवर प्रेसचंच घ्या. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच स्ट्रोक यावा, म्हणजे प्रेस खाली यावी, म्हणजे डायमध्ये (साच्यात) हात राहणारच नाही, अशी ती सोय. पण एक बटण टेप लावून नाहीतर स्क्रॅपचा तुकडा खुपसून कायमचं दाबून ठेवलेलं असतं, एका हाताने पार्ट लावायचा आणि दुसऱ्या हाताने बटण मारायचं. बोट गेलं की रिपोर्टात "सेफ्टी बायपास केली". अहो पण का केली? कारण तासाचं टार्गेट त्या टेपशिवाय निघतच नाही, पार्ट डायमध्ये अडकतो कारण पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग गेलीये आणि मेंटेनन्सला दिलेली स्लिप तशीच पडलीये, आणि टेप तर सुपरवायझर रोज बघतोय!! बरं, अर्ध्या सेकंदाच्या आत दोन्ही बटणं दाबली नाहीत किंवा मधे दोन्ही सोडली नाहीत तर स्ट्रोकच येऊ देत नाही असा रिले मिळतो, तो असता तर टेप लावून उपयोगच नव्हता.

व्हाय-व्हाय, म्हणजे 'का' विचारत मूळ कारणापर्यंत जायचा तक्ता, सगळेच भरतात म्हणा. टोयोटाच्या ताइची ओनोंचं मूळ उदाहरण बघा, मशीन बंद पडलं कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण बेअरिंगला ऑइल कमी, कारण पंप नीट ओढत नव्हता, कारण पंपाचा शाफ्ट झिजलेला, आणि शाफ्ट झिजला कारण गाळणी नव्हती म्हणून आत चुरा गेला. पाच वेळा का विचारलं तरी कुणाचं नाव नाही आलं. आमच्याकडे दुसऱ्या 'का'लाच कामगाराचा टोकन नंबर येतो.

क्वालिटीतही हेच. होल न मारलेला पार्ट कस्टमरकडे गेला की एट-डी मध्ये (कस्टमरच्या तक्रारीवरच्या आठ पायऱ्यांच्या रिपोर्टात) "इन्स्पेक्टरला ट्रेनिंग, 200 टक्के इन्स्पेक्शन", म्हणजे प्रत्येक पार्ट दोनदा तपासायचा. त्यापेक्षा पुढच्या फिक्स्चरला (पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनाला) एक पिन टाका ना, होल नसेल तर पार्ट बसणारच नाही, विषय संपला.

आणि 48 तासांची गंमत वेगळीच. फॅक्टरी ॲक्टच्या काळापासून नियम आहे की जखमी कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त काम करू शकला नाही तर सरकारला कळवायचं. मग पट्टी बांधलेल्या माणसाला ऑफिसात खुर्चीवर बसवून हजेरी लावतात!! कागदावर अपघातच नाही, तर तपास कसला.

म्हणून माझं म्हणणं असतं की त्याच शिफ्टला मशीनपाशी जा, एचआरवाले यायच्या आधी बाकीच्या शिफ्टच्या पोरांना विचारा की तुम्ही हे काम कसं करता, आणि विचारताना हातात पेन नको, पेन दिसलं की सगळे एसओपी (कामाची लिखित पद्धत) म्हणून दाखवतात. आमच्याकडे तो दोन बटणांचा रिले मात्र ज्या प्रेसवर बोट गेलं त्या एकाच प्रेसला लागला, त्याच शेडमधल्या बाकीच्या प्रेसचं कोटेशन अजून परचेसकडे आहे.