‘क’ तुकडीतून दिसलेली शाळा

सातवीच्या वार्षिक परीक्षेतील गुणांवरून आठवीच्या तुकड्या पाडण्याची पद्धत आमच्या वेळी सर्रास होती, आणि तिच्यानुसार माझे नाव ‘क’ तुकडीच्या हजेरीपटावर आले. आमची योग्यता कुणी तोंडावर सांगितली नाही. परंतु ‘अ’ तुकडीत जे प्रमेय मुलांकडून सिद्ध करून घेतले जाई, ते आम्हाला फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगत. उत्तराला जरा वेळ लागला की ‘बस खाली’ म्हणून प्रश्न पुढच्या बाकाकडे जाई, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्यातील उत्तर येत असलेल्या मुलांनीही हात वर करणे सोडले होते.

याला अपवाद होते आमचे भूगोलाचे सर. दोन्ही तुकड्यांना तेच शिकवत आणि मधल्या सुट्टीत मुलांबरोबर मैदानात असत. कोणता मुलगा कुठून येतो, घरी कोण काय करते, हे त्यांना ठाऊक असे. जलविभाजक शिकवताना त्यांनी घाटमाथ्यावरील वाडीतून येणाऱ्या एका अबोल मुलाला उभे केले आणि तो बोलेपर्यंत ते शांतपणे थांबले. आपल्या घराच्या एका अंगाचा ओढा कोकणात उतरतो आणि दुसऱ्या अंगाचा देशाकडे वाहतो, असे त्याने सांगितल्यावर पहिले पाणी अरबी समुद्राला आणि दुसरे बंगालच्या उपसागराला कसे मिळते, ते सरांनी त्याच्याकडूनच नकाशावर दाखवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला हेच समजावून सांगायला ‘अ’ तुकडीत नेले. तिथल्या मुलांना आश्चर्य वाटले हे स्वाभाविक होते. पण दीड वर्ष त्याच्या शेजारी बसणारे आम्हीही त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पुढे अध्यापक विद्यालयात शिकवू लागल्यावर रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अभ्यासात आला. कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेतील सुमारे २० टक्के मुले त्यांनी कोणताही निकष न लावता निवडली आणि ही मुले यंदा मोठी बौद्धिक झेप घेतील, असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील अशा मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. या निष्कर्षांवर कठोर आक्षेप घेतले गेले आणि नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम पुष्कळ लहान दिसला. त्याच अभ्यासांतून असेही पुढे आले, की जे शिक्षक मुलांना आधीपासून ओळखत होते, त्यांच्यावर अशा सांगीव माहितीचा फारसा प्रभाव पडत नव्हता. मूळ प्रयोगापेक्षा मला ही गोष्ट मोलाची वाटते, कारण आमचे सर मैदानात काय करत होते ते तिच्यामुळे उलगडते.

आपल्या देशातील अनुभव याहून जिव्हारी लागणारा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तोवर दलित आणि उच्चवर्णीय मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. सर्वांसमोर नावासह जात पुकारल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती आणि मुलांची बुद्धीही बदललेली नव्हती.

‘अ’ तुकडीतील माझ्या एका मित्राने कित्येक वर्षांनी मला सांगितले, की प्रत्येक चाचणीच्या आदल्या रात्री ‘ब’ तुकडीत ढकलले जाण्याच्या धास्तीने त्याला झोप लागत नसे. आम्ही त्याला गर्विष्ठ समजत होतो. तो मधल्या सुट्टीतही वर्गाबाहेर पडत नसे, याचे कारण हे होते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेकडे माझे दोन गोष्टींसाठी आग्रहाचे मागणे आहे. तुकड्या गुणांवरून न पाडता मिसळून कराव्यात आणि सहामाही-वार्षिकच्या उत्तरपत्रिका नाव व तुकडी झाकून तपासाव्यात. सांकेतिक क्रमांक घालण्याचे काम वाढेल, हे मी जाणतो. त्यासाठी परीक्षेच्या काळात येऊन बसायला आम्हा माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण तयार आहोत.