सोमवारची घारापुरी

गेली काही वर्षे मी सोलापुरातून सुट्टीच्या दिवसांत लहान सहली नेतो. ऑफिस म्हणजे साखर पेठेतल्या घराची पुढची खोली, एक टेबल, दोन मोबाइल आणि प्रवाशांच्या नावांची वही. नाताळच्या मुंबई सहलीला दरवर्षी सर्वाधिक मागणी असते, कारण मुलांना सुट्टी असते आणि मुंबईत उकाडाही कमी असतो. 10 फेब्रुवारी 2023 रोजी वंदे भारत सुरू झाल्यापासून अनेक जण त्याच गाडीचा आग्रह धरतात. तरीही जाता-येता सिद्धेश्वर एक्सप्रेसच परवडते, हे मी प्रत्येकाला समजावतो. रात्र गाडीत गेली की मुंबईतले लॉजचे दोन मुक्काम वाचतात, आणि मुंबईत लॉजचे भाडे काय असते ते जाऊन आलेल्यालाच कळते.

2023 च्या नाताळात माझ्याबरोबर चौतीस जण होते. त्यांतले निम्मे एका भिशी मंडळातल्या बायका आणि त्यांची नातवंडे होती, बाकीची यंत्रमाग कारखान्यांतल्या कामगारांची कुटुंबे. शुक्रवारी 22 तारखेला रात्री निघायचे, शनिवारी दक्षिण मुंबई, रविवारी सिद्धिविनायक आणि राणीची बाग, सोमवारी घारापुरी आणि त्याच रात्री परत, असा कार्यक्रम होता. मंगळवारी दत्तजयंती असल्याने सकाळी घरी पोहोचलेच पाहिजे, अशी बायकांची अट होती. हा कार्यक्रम मी आदल्या वर्षीच्या मे महिन्यातल्या सहलीच्या कागदावरून उतरवला होता. राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणून बुधवार कोठे येत नाही ना, हे मी दोनदा पाहिले होते आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो.

रविवारी राणीच्या बागेत पेंग्विन पाहून झाल्यावर मी सर्वांना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीपाशी नेले. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. 1864 साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो तुटला आणि 1914 साली तुकडे जोडून पुन्हा उभा करण्यात आला. एवढे सांगून मी जरा रंगात आलो आणि मुलांना म्हणालो, "आज हत्ती पाहिला, उद्या हत्तीचे गाव पाहू."

सोमवारी सकाळी गेटवेसमोर नाताळची गर्दी जमू लागली होती. मी लाँचच्या तिकिटांच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारले, "हार्बरची फेरी ना?" मी घारापुरी म्हणताच त्याने वर पाहिले. "आज सोमवार आहे, भाऊ. लेणी बंद असतात."

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात हे मला माहीत होते. माहीत असलेली गोष्ट विसरण्याची लाज न माहीत असण्याहून जास्त असते. मे महिन्यातल्या सहलीचा तिसरा दिवस शुक्रवार होता. मी तारखा बदलल्या, वारांकडे पाहिले ते फक्त बुधवारपुरते. कान्हेरीला न्यावे म्हटले, तर ते ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे तेही सोमवारी बंद.

रांगेतून बाहेर पडेपर्यंत माझ्या तोंडात वाक्य तयार होते: नाताळच्या सुट्टीमुळे सरकारने अचानक लेणी बंद ठेवली आहेत. कोणालाही खरे वाटले असते. पण रांगेजवळ आमच्यातले एक निवृत्त जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, उभे होते. त्यांची चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात गेलेली, त्यामुळे ऐकू कमी येत असले तरी माणसाचा चेहरा ते चांगला वाचत. मी जवळ येताच ते म्हणाले, "मालक, तार तुटली वाटतं. मग माग थांबवा आधी. तसाच चालवला तर अख्खा टॉवेल वाया जातो."

मी सर्वांना कमानीच्या सावलीत बसवले आणि चूक माझी आहे, सोमवार मी पाहिला नाही, असे सरळ सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग भिशीच्या अक्कांनी गेटवेकडे बोट केले आणि विचारले, "हे तर सोमवारी बंद नसतंय न्हवं?" त्यावर बायका हसल्या. मुले मात्र हसली नाहीत. त्यांना हत्तीचे गाव हवे होते.

तेव्हा मला भाऊच्या धक्क्याची आठवण झाली. तेथून उरणजवळच्या मोरा बंदराकडे रोजच्या प्रवाशांच्या लाँच सुटतात आणि त्या घारापुरी डाव्या हाताला ठेवून जातात. आम्ही सीएसएमटीला आलो, लोकलने डॉकयार्ड रोडला उतरलो आणि टॅक्सी करून धक्क्यावर पोहोचलो. मासळीचा वास सुरू झाला तशी अर्ध्या बायकांनी पदर नाकाला लावला. लाँचवरच्या खलाशाने आधीच बजावले, "पौर्णिमा जवळ आली आहे, उधाणाचे पाणी आहे. दुपारी ओहोटी लागली की मोऱ्याला गाळात लाँच लागत नाही. एकच्या आत परत फिरा."

आमच्यातल्या बहुतेकांनी त्यापूर्वी समुद्राच्या पाण्यावर पाऊल ठेवले नव्हते. लाँचने धक्का सोडताच सीगल मागे लागले. अक्कांनी पिशवीतून कडक भाकरी काढली, गुडघ्यावर आपटून तिचे तुकडे केले आणि एकेक वर फेकू लागल्या. पक्षी हवेतच तुकडा झेलत. एकाने शेंगा चटणी लागलेला तुकडा झेलला आणि लगेच टाकून दिला, तेव्हा सर्वांत मोठ्याने जॉबर हसले. थोड्या वेळाने डाव्या बाजूला दोन डोंगरांचे हिरवट बेट दिसू लागले. मी मुलांना ते दाखवले. एका मुलाने बराच वेळ पाहून विचारले, "हत्ती गेल्यावर आता तिथं कोण राहतं?" तेथे गावे आहेत, माणसे राहतात, असे मी सांगितले, त्याचे समाधान झाले नाही.

मोऱ्याला चहा घेऊन आम्ही वेळेत परतलो, रात्रीची गाडी मिळाली आणि दत्तजयंतीला सगळे घरी पोहोचले.

त्या आठवड्यात मी लेण्यांच्या तिकिटाचे माणशी 40 रुपये आणि दोन लाँचच्या भाड्यांतला फरक पाकिटांत घालून घरोघर पोहोचवला. बहुतेकांनी "राहू द्या हो" म्हणत पाकीट घेतले. अक्कांनी माझ्यासमोर दोनदा मोजून घेतले, पैसे कनवटीला लावले आणि माझी वही मागून पुढच्या सहलीच्या पानावर पहिले नाव स्वतःचे लिहायला लावले. नावापुढे त्यांनी आणखी दोन शब्द लिहवून घेतले: "सोमवार सोडून."